नोज गिअरची दुरुस्ती : काम चोख, अंदाजपत्रक कच्चे

आमच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या चार आसनी सेस्ना १७२ एस विमानाच्या पुढच्या चाकाची, म्हणजे नोज गिअरची, दुरुस्ती ज्या कंपनीकडून करून घेतली तिच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. विमा दाव्याचा अंतिम हिशेब अद्याप मिटलेला नसल्यामुळे कंपनीचे नाव देता येत नाही. तिला डीजीसीए या नागरी हवाई वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या सीएआर-१४५ या विमान-देखभाल संस्थांसाठीच्या नियमांखाली मान्यता आहे, तिचे सुट्या भागांचे छोटे वर्कशॉप पुण्याच्या पूर्वेकडच्या हद्दीत आहे आणि गरज पडल्यास तिचे पथक हत्यारांसह धावपट्टीवर येऊन काम करते, एवढी माहिती पुरेशी व्हावी. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्यामुळे आमचे उड्डाण प्रशिक्षण जिल्ह्यातील दुसऱ्या धावपट्टीवर चालते. कार्यालय मात्र पुण्यातच आहे, आणि संस्थेची बिले तपासून मंजूर करण्याचे काम माझ्याकडे आहे. कारागिरीला पाचपैकी पाच आणि अंदाजपत्रकाला पाचपैकी दोन गुण द्यावेत, असे माझे मत झाले आहे. त्याची कारणे खाली सविस्तर देते, कारण लहान विमान बाळगणाऱ्या कोणावरही हा प्रसंग येऊ शकतो आणि या विषयावर मराठीत पैशांच्या अंगाने फारसे कोणी लिहीत नाही.

घटना थोडक्यात सांगते. मे महिन्याच्या अखेरीस, दुपारच्या सोसाट्याच्या वाऱ्यात उतरताना एका विद्यार्थ्याचे विमान टेकून पुन्हा उसळले. अशा वेळी इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे असते; त्याऐवजी त्याने नाक खाली दाबले, विमान आणखी उसळले आणि शेवटी सर्वांत आधी पुढचे चाक टेकले. कोणालाही खरचटलेदेखील नाही. विमान स्वतःच्या चाकांवर हँगरपर्यंत आले, पण नाक नेहमीपेक्षा खाली बसलेले होते आणि स्ट्रटच्या, म्हणजे चाकाचा धक्का झेलणाऱ्या उभ्या दांड्याच्या, नळीवरून तांबडे हायड्रॉलिक तेल चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कवर ओघळत होते. घटनेची माहिती नियमानुसार डीजीसीएला आणि विमा कंपनीला दिली आणि परवानगी मिळेपर्यंत कोणत्याही भागाला हात लावला नाही.

या विमानाच्या रचनेतच खर्चाचे मूळ आहे, म्हणून तेवढे सांगणे भाग आहे. मागची दोन मुख्य चाके लवचीक पोलादी नळ्यांवर बसवलेली असतात. त्या नळ्या वाकतात, पुन्हा सरळ होतात आणि उतरतानाचा बहुतेक धक्का सहज पचवतात. पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे तेल आणि दाबलेली हवा भरलेला ओलिओ स्ट्रट असतो. त्यावर भार नसताना त्यातील दाब ४५ पीएसआय इतका ठेवायचा असतो. जमिनीवर विमानाला दिशा देणे आणि नाकाचा भार तोलून धरणे, एवढेच या चाकाकडून अपेक्षित आहे. ११५० किलोंहून अधिक वजनाचे विमान आकाशातून येऊन त्याच्यावर आदळावे, अशी त्याची घडणच नाही. शिवाय हा स्ट्रट ज्या पत्र्याला जोडलेला असतो तो म्हणजे फायरवॉल, इंजिन आणि चालककक्ष यांच्यामधला पातळ पडदा. त्यामुळे पुढचे चाक आपटले की चाकाला जे होते ते डोळ्यांना दिसते, फायरवॉलला जे होते ते मात्र इंजिनाचे आवरण आणि आतले पॅनेल काढल्याशिवाय कळत नाही.

कंपनीने पहिले अंदाजपत्रक दुसऱ्याच दिवशी पाठवले, आणि या तत्परतेचे मला तेव्हा कौतुक वाटले. एका पानावर चार ओळी होत्या : स्ट्रट उघडून सील बदलणे, नोज फोर्क बदलणे, शिमी डॅम्परची (चाकाची थरथर शोषणाऱ्या भागाची) दुरुस्ती आणि ‘आवश्यक ती तपासणी’. एकूण २ लाख ८५ हजार रुपये, कर वेगळा. अंतिम बिल करासह १० लाख २९ हजारांचे झाले. कंपनीने लुबाडले असा याचा अर्थ कोणी काढू नये. बिलातील एकही ओळ खोटी नाही, मी प्रत्येक ओळ कामाच्या नोंदींशी ताडून पाहिली आहे. माझा आक्षेप ‘आवश्यक ती तपासणी’ या तीन शब्दांवर आहे. बिल जे फुगले ते सगळे त्यांच्या पोटात होते आणि कंपनीच्या अनुभवी माणसांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम धावपट्टीवर गेले होते. कंपनीचे प्रमुख अभियंते साठीच्या आसपासचे, मोजके बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी आधी चाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. टॉर्च घेऊन ते थेट पायलटच्या पायांशी, रडर पेडलांच्या मागे वाकले आणि फायरवॉलच्या खालच्या भागातील रिव्हेटवरून अंगठा फिरवू लागले. काही रिव्हेटच्या कडेला रंग तडकला होता आणि काळपट रेघा उठल्या होत्या. रिव्हेट आपल्या भोकात हलू लागल्याची ती खूण असते. मग त्यांनी पोलादी पट्टी पत्र्याला आडवी लावली आणि मला वाकून बघायला सांगितले. पट्टी आणि पत्रा यांच्यामधून टॉर्चचा उजेड बारीक चंद्रकोरीसारखा दिसत होता.

‘‘मॅडम, लंगडतोय तो पाय, पण मार बसलाय कंबरेला,’’ एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस जे चालले त्याला मी पूर्ण गुण देते. देखभाल पुस्तिकेतील हार्ड लँडिंगच्या तपासणीची यादी त्यांनी ओळीने पूर्ण केली आणि प्रत्येक ओळीपुढे सही केली. पहिली मोठी शंका प्रोपेलरची होती. प्रोपेलरचे पाते जमिनीला लागले असते, तर लायकमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या ५३३ क्रमांकाच्या सर्व्हिस बुलेटिनप्रमाणे सगळे इंजिन खोलून तपासावे लागले असते, आणि मग या लेखातील आकडे फारच किरकोळ ठरले असते. पात्यांची टोके भिंगाखाली पाहून, दोन्ही पाती एकाच प्रतलात फिरतात की नाही हे मोजून आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनातल्या दांड्याच्या, फ्लँजला वाकडेपणा मोजणारे डायल गेज लावून त्यांनी प्रोपेलर जमिनीला लागला नसल्याचा निर्वाळा लेखी दिला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने नंतर सर्वांत आधी हाच कागद मागितला.

नोज फोर्क आणि टॉर्क लिंक (स्ट्रटचे दोन भाग एका रेषेत धरणारा बिजागरीसारखा सांधा) हे भाग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असल्याने त्यांच्यावर चुंबकीय तपासणी चालत नाही. तिथे डाय पेनिट्रंट वापरतात. भाग रंग काढून स्वच्छ करायचा, त्यावर लाल द्रव लावून थांबायचे, पुसून घ्यायचे आणि वरून पांढरी पूड फवारायची. कुठे तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्या थरावर उमटून येतो. फोर्क सहीसलामत असेल असे आमच्या मुख्य प्रशिक्षकांना वाटत होते, कारण वरून त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पूड टाकल्यावर थोड्याच वेळात आसाच्या भोकापासून निघालेली, नखाच्या लांबीची लाल रेघ हळूहळू गडद होत गेली. ती पाहिल्यानंतर तपासणीच्या मजुरीबद्दल आमच्याकडे कोणी तक्रार केली नाही. मुख्य चाकांच्या नळ्या, त्यांच्या जोडणीच्या जागा आणि ब्रेक यांच्यात काही आढळले नाही.

खर्चाचा खरा डोंगर फायरवॉलचा. पत्र्याची किंमत एकूण बिलाच्या मानाने मोठी नाही, पण खालचा भाग बदलायचा तर इंजिन माउंटसह उतरवावे लागते, बॅटरी, तारा, नळ्या, पेडलांच्या जोडण्या सोडवाव्या लागतात, विमान ठरलेल्या आधारांवर टेकवून ठेवावे लागते आणि जुने रिव्हेट एकेक करून, भोक मोठे होऊ न देता काढावे लागतात. सेस्नाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये जेवढे बसते तेवढेच करता येते. त्याबाहेरची कोणतीही हुशारी केली तर विमान उडण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. बिलाची विभागणी पाहिली तर हे स्पष्ट होते : सुटे भाग ४ लाख ६० हजार, मजुरी ४ लाख ५ हजार, विनाविध्वंस चाचण्या (भागाला धक्का न लावता तडे शोधण्याच्या), हत्यारांची वाहतूक आणि पथकाचा मुक्काम मिळून १ लाख १५ हजार. मजुरीच्या रकमेतील जवळजवळ तीन चतुर्थांश भाग इंजिन उतरवणे, पत्रा बदलणे आणि सगळे परत जोडणे यांचा आहे. प्रत्यक्ष चाक आणि स्ट्रट यांचे काम कुशल तंत्रज्ञाने थोडक्यात उरकले.

सुट्या भागांवरून आमच्या विश्वस्त मंडळात जो वाद झाला तो पुण्याबाहेर कुठे झाला नसता. टॉर्क लिंकच्या एका बुशसाठी, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळीसाठी, कंपनीने लावलेली किंमत पाहून आमचे एक विश्वस्त, ज्यांचे आयुष्य भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर गेले आहे, खवळलेच. हा बुश मी नऊशे रुपयांत, तोही जास्त चांगल्या फिनिशचा, संध्याकाळपर्यंत वळून देतो, असे ते म्हणाले, आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. ज्या शहरातील भारत फोर्ज बोइंगला टायटॅनियमचे फोर्जिंग पुरवते, त्या शहराला एक बुश अवघड नाही. तरीही तो बुश विमानात बसवता येत नाही. विमानाला जो भाग लागतो त्याच्यासोबत अमेरिकेतील ८१३०-३, युरोपातील ईएएसए फॉर्म १ किंवा आपल्याकडील सीए फॉर्म १ असे अधिकृत प्रमाणपत्र यावे लागते. तो कोणत्या धातूचा, कोणत्या आराखड्यावरून, कोणाच्या मान्यतेने तयार झाला याची साखळी त्या कागदात असते. कंपनीने प्रत्येक भागाचे असे प्रमाणपत्र फाइलला जोडून दिले, आणि ज्या भागाचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून आले नव्हते तो भाग बसवण्यास नकार देऊन आठवडाभर काम थांबवले. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयातून त्यांना बरेच कडक फोन गेले. त्यांनी ऐकले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

आता तक्रारी. पहिली अर्थातच अंदाजपत्रकाची. नाकावर आपटलेल्या सेस्नाच्या फायरवॉलला मार बसण्याची शक्यता मोठी असते, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा पहिल्याच कागदावर दोन आकडे द्यायला हवे होते : फायरवॉल शाबूत निघाली तर किती आणि बदलावी लागली तर किती. तसे केले असते तर विमा कंपनीला पाठवलेली पहिली सूचना आणि अंतिम दावा यांच्यात साडेतीन पटींचे अंतर पडले नसते, आणि सर्व्हेअरच्या मनात जो संशय आला तो आला नसता. हे मी कंपनीच्या व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितले. कमी आकडा दिला नाही तर काम दुसरीकडे जाते, असे त्यांचे उत्तर होते. उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यामुळे ग्राहकाची अडचण कमी होत नाही.

दुसरी तक्रार काढलेल्या भागांची. जुना फोर्क, टॉर्क लिंक, शिमी डॅम्पर आणि पत्र्याचे तुकडे वर्कशॉपच्या एका ट्रेमध्ये चिठ्ठीविना ठेवलेले होते. सर्व्हेअरला तेच हवे होते, कारण आपटल्याने मोडलेला भाग विम्यात बसतो आणि वापरून झिजलेला बसत नाही. डॅम्पर आणि बुश यांच्यातील झीज जुनी आहे, असे त्याने ठरवले आणि तेवढी रक्कम वजा केली. फोर्कवरील तडा ताजा असल्याचे मात्र मान्य केले. प्रत्येक भाग काढताना छायाचित्र, तारीख आणि चिठ्ठी एवढे केले असते तर ही घासाघीस निम्म्यावर आली असती.

तिसरी तक्रार कराची, आणि ती वाचून लेखा विभागातील मंडळींनी आपापली जुनी बिले काढून पाहावीत. पहिल्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावला होता. विमान, त्याचे इंजिन आणि सुटे भाग यांच्या देखभाल-दुरुस्ती सेवेवरचा दर १ एप्रिल २०२० पासून ५ टक्के आहे. ९ लाख ८० हजारांच्या रकमेवर हा फरक १ लाख २७ हजार ४०० रुपयांचा होतो. डीजीसीएमान्य संस्थांचे मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण जीएसटीतून मुक्त आहे, असे सप्टेंबर २०२४ मधील जीएसटी परिषदेत स्पष्ट झाले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते उत्तम झाले, पण विद्यार्थ्यांकडून जीएसटी घेत नसल्यामुळे आम्ही भरलेल्या कराची वजावट आम्हाला मिळत नाही, म्हणजे प्रत्येक जादा टक्का थेट खिशातून जातो. लक्षात आणून दिल्यावर कंपनीने सुधारित बिल दिले, परंतु त्यासाठी तीन माणसांना गाठावे लागले. विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवरही १५ जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के आयजीएसटी लागतो, त्याआधी वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे दर होते. भागांच्या किमतीत जुना दर गृहीत धरलेला नाही ना, हेही विचारून घ्यावे. आमच्या बिलात तो घोळ नव्हता.

वेळेबद्दल मी कंपनीला फारसा दोष देणार नाही. विमान दोन महिन्यांच्या आसपास हँगरमध्ये उभे राहिले, त्यातील मोठा काळ परदेशातून फोर्क येण्यात आणि विम्याच्या मंजुरीत गेला. पावसाळ्याचे दिवस असल्याने उड्डाणे तशीही कमी होती. तरीही व्यावसायिक परवान्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला २०० तास पूर्ण करायचे असतात, एक विमान उभे राहिले की बाकीच्या विमानांची पाळी लांबते, आणि या तोट्याची भरपाई आमच्या विमा पॉलिसीत नव्हती. बिल दहा लाखांचे असले तरी संस्थेला या आदळण्याची पडलेली खरी किंमत त्याहून बरीच जास्त आहे. मोठ्या विमान कंपन्या हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात : ए-३२० सारख्या विमानाचा संपूर्ण लँडिंग गिअर साधारणपणे दर दहा वर्षांनी ओव्हरहॉलसाठी उतरवतात आणि त्याच वेळी बदली गिअर बसवून विमान लवकर सेवेत आणतात. लहान विमानांच्या मालकांना तशी बदलीची सोय जवळपास कोणी देत नाही. या कंपनीने निदान नोज स्ट्रटचा एक तयार संच बाळगला तर पुणे जिल्ह्यातील प्रशिक्षण संस्था त्यासाठी भाडे द्यायला तयार होतील, असे मला वाटते.

दुरुस्तीनंतर विमान पुन्हा उडू लागले तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी पहिला शेरा दिला तो धावताना नाक थरथरत नाही, याचा. आधी वेग कमी होताना पुढचे चाक जे डगमगायचे, ज्याची आम्हाला सगळ्यांना सवय होऊन गेली होती, ते पूर्ण थांबले आहे. काही दिवसांनी स्ट्रटच्या खालच्या सीलपाशी तेलाचा पुसटसा थर दिसू लागला. कळवल्याबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी तंत्रज्ञ आला, नाक आधारावर उचलून त्याने दाब सोडला, सील काढला, नळीवरचा बारीक ओरखडा दाखवला, तो घासून साफ केला आणि नवा सील बसवून, नोंदवहीत सही करून गेला. प्रवासखर्चासह त्याचे कोणतेही बिल आले नाही, आणि त्यानंतर नळी कोरडी आहे.

ज्यांना काम द्यायचे असेल त्यांनी आधी कंपनीच्या मान्यतापत्रात आपल्या विमानाचा प्रकार आणि स्ट्रक्चरची दुरुस्ती दोन्ही आहेत का, हे स्वतः वाचावे. काही ठिकाणी फक्त देखभालीची मान्यता असते आणि पत्र्याचे काम बाहेर द्यावे लागते. या कंपनीकडे दोन्ही आहेत. वर्क ऑर्डरमध्ये तपासणीचा टप्पा दुरुस्तीपासून वेगळा काढावा, त्याची मजुरी वेगळी ठरवावी आणि तपासणीचा लेखी अहवाल आल्याशिवाय दुरुस्तीचा आकडा मान्य करू नये. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून परत मिळावा आणि बिलावर ५ टक्केच कर लागेल, या दोन ओळीही त्यातच घालाव्यात. आमच्या दुसऱ्या सेस्नाच्या नोज गिअरची तपासणी ऑक्टोबरमध्ये याच कंपनीकडे दिली आहे. या वेळच्या वर्क ऑर्डरला तीन पाने झाली, आणि व्यवस्थापकांनी कुरकुर करत का होईना, तिन्ही पानांवर सही केली.